पितराचं ताट

आमच्याकडे पितर म्हणून बसाल का, असं रुपचंदनं विचारलं तेव्हा अभिमनच्या हातात अजून कात्री होती. फीत कापून झाली होती, टाळ्या वाजून झाल्या होत्या, पेढा तोंडात विरघळायचा राहिला होता. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त साधून त्या सकाळी जळगावात जी काही दुकानं उघडली असतील त्यांत रुपचंदचं टीव्हीचं दुकान सगळ्यांत गोंगाटाचं असणार, कारण फीत खाली पडताच त्यानं भिंतीवरचे सगळे रंगीत संच एकदम लावले होते आणि प्रत्येकावर अभिमनच होता. मागच्या वर्षीच्या मालिकेतला, कॅसेटवर उतरवून ठेवलेला, जमिनीवर मांडी घालून एकटाच जेवणारा म्हातारा बाप. इतके बाप एका भिंतीवर एकदम घास उचलताना बघून लोक खूश झाले. अभिमनला मात्र ते बघवेना. आपण नाहीसे झालोय आणि हे सगळे आपल्या नावाचं जेवण उरकून टाकताहेत असं त्याला वाटलं, आणि नेमका तेव्हाच रुपचंद कानाशी लागला. "वहिनींचा हट्ट आहे," तो म्हणाला. "आमचे थोरले भाऊ, पंडितभाऊ, मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांची ही पहिली आखाजी. वहिनी म्हणतात, पितर बसवायचा तर त्या सिरियलवाल्यालाच बसवा, दुसरा कोणी नको. आता तुमच्यासारख्या कलावंताला असं विचारायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्याला सापडेना, म्हणून त्यानं अभिमनच्या हातातली कात्री काढून घेतली.

अभिमन "बसेन की" म्हणाला. हो म्हणण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं. तीस वर्षं तो हो म्हणूनच जगत आला होता. आणि पितर म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, तो मूळचा भडगावचा. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची आणि परक्या कुळातला एखादा माणूस त्याच्या जागी जेवायला बसवायचा. तेवढ्या जेवणापुरता तोच गेलेला माणूस. त्याचे वडील निंबाआबा एकेका आखाजीला दोन-दोन घरचे पितर व्हायचे आणि संध्याकाळी ओट्यावर आडवे होऊन पोट चोळत म्हणायचे की मेलेल्या माणसांना फार भूक असते बुवा. पण रुपचंदच्या तोंडून पंडित हे नाव आलं, आणि भिंतीवरच्या जेवणाऱ्या बापांपैकी एकानं मान वर करून आपल्याकडे बघितलं असं अभिमनला वाटून गेलं. "तुमचे भाऊ कधी धुळ्याला होते का हो?" त्यानं विचारलं. रुपचंद म्हणाला, होते की, जिल्हा परिषदेत, तरुणपणी, चार नंबरच्या गल्लीत खोली घेऊन एकटे राहायचे. मग गिऱ्हाइकांनी रुपचंदला ओढून नेलं आणि अभिमन खुर्चीवर बसून राहिला. पोरंटोरं येऊन त्याला निरखून जात होती. कोणी इन्स्पेक्टर म्हणालं, कोणी म्हणालं नाही रे, हा तो डॉक्टर. नाव कोणाला आठवत नव्हतं, आणि त्याची त्याला सवय होती.

चार नंबरच्या गल्लीतली भिकुबाईची खानावळ. अभिमन तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होता आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी करायचा. भिंतीला टेकून एक रांग, समोर दुसरी रांग, मधून वाढप्याला जायला जेमतेम वाट. समोरच्या रांगेत नेहमी एकाच जागी एक माणूस बसायचा. मोठा देखणा वगैरे नव्हता. पण पोळी ताटात पडली की तो तिच्यावर पालथा हात ठेवून क्षणभर थांबायचा, जणू ताप बघतोय. मग खालच्या मानेनं जेवायचा. शेवटी ताटातलं मीठ बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायचा आणि उठायचा. सगळी खानावळ त्याला पंडित म्हणायची. अभिमन दोन वर्षं त्याच्यासमोर बसला आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बघता आलं नसतं, आणि त्या वयात त्याला बघायची भयंकर भूक होती. खोलीवर गेल्यावर तो आरशासमोर रिकामी थाळी घेऊन पंडित व्हायचा. मुंबईत गेल्यावर तो माणूस त्याच्याजवळ पडून राहिला, वर्षानुवर्षं, ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलेल्या लोकरी कपड्यासारखा. मालिकेत जेव्हा एकट्या बापाचं जेवण आलं आणि दिग्दर्शक म्हणाला की संवाद नाहीत, काय करायचं ते तूच बघ, तेव्हा त्यानं पंडितला बाहेर काढून झटकलं आणि अंगावर चढवलं. वर्तमानपत्रांत कौतुक झालं. रस्त्यात बायका थांबून म्हणायच्या, आमचे मामंजी अगदी असेच जेवायचे. खरा पंडित जिवंत असेल, कुठेतरी बसून हे बघत असेल, असा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. आता आला, आणि त्याला लाज वाटली.

भूमिका माणसाला शिकवतात असं मुलाखतीत बोलायची पद्धत आहे, आणि अभिमनही दोन-चार वेळा तसं बोलून मोकळा झाला होता. शिकवतात हे खोटं नाही. इन्स्पेक्टरनं त्याला शिकवलं की समोरच्याला ताटकळत ठेवायचं असेल तर आपल्या नखांकडे बघावं. पुढे दुकानात उधारीवरून वाणी घुटमळला की अभिमन नखांकडे बघायला लागायचा आणि काम होऊन जायचं. प्रेत होऊन पडल्यावर त्याला कळलं की रडण्याचा भाग संपला की माणसं ताबडतोब चहाचं विचारतात. डॉक्टरनं शिकवलं की वाईट बातमी सांगण्याआधी चष्मा काढावा. निंबाआबा गेल्याचा फोन स्टुडिओच्या ऑफिसात आला तेव्हा त्यानं ऐकता ऐकता चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि दूर कुठेतरी बघितलं. ऑफिसातले लोक गप्प झाले, आणि त्या शांततेत त्याच्या आतला एकजण म्हणाला, झकास. तो शब्द त्यानं कोणाला सांगितला नाही. पण त्या दिवसापासून दुःख आलं की त्याच्या आधी तो आतला माणूस येऊन जागा धरून बसायचा. मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी अभिमनच्या डोळ्यांना धार लागली आणि मुलगी कानात म्हणाली, "नाना, पुरे आता, फोटो निघाले." ती थट्टा करत होती. तिला वाटलं तो हसेल, आणि तो हसलाही. सुनंदाबाई, त्याची बायको, थट्टा करणाऱ्यांतली नव्हती. एकदा कसल्याशा भांडणात त्यानं ताट ढकलून दिलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही रागावता तेही मला कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं. तुमचा स्वतःचा राग कसा असतो हो?" त्यानं ताट परत पुढे ओढलं. आता ती नाशिकला मुलीकडे असते. काही बिनसलं असं नाही, सोडचिठ्ठी वगैरे नाही, दिवाळीला तो जातो, जावई मान देतो. पण गोरेगावच्या घरात एकट्यानं वावरताना त्याला हल्ली एक भीती वाटायची. आपण इतक्या लोकांचं उचललं, त्यात आपलं म्हणून काही शिल्लक आहे का, की घर भाड्यानं देता देता मालकालाच झोपायला जागा उरली नाही. ही भीती त्याला खरोखर छळायची. आणि आज तर त्याला एका मेलेल्या माणसाच्या बायकोपुढे त्या मेलेल्या माणसाचं जेवण जेवून दाखवायचं होतं. ते तो उत्तम करणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच धास्ती होती.

दुपारी रुपचंद त्याला नव्या मारुतीतून मेहरूणला घेऊन निघाला. ऊन असं की गाडीचं दार हाताला चटका देत होतं. कडुनिंबाखाली पत्त्यांचे डाव पडले होते. आखाजीला जुगाराला कोणी नावं ठेवत नाही, हवालदारसुद्धा एका डावामागे उभा राहून पानं बघत होता. कुठूनतरी बायकांची झोक्यावरची गाणी आली आणि मागे पडली. गाणं माहेरच्या वाटेचं होतं. अभिमनला ते पाठ होतं, आणि एका सिनेमात खेडूत म्हणून त्यानं ते म्हटलंही होतं, पण दिग्दर्शकानं त्याची अहिराणी काढून टाकून तिथे कुठल्याच गावाची नसलेली भाषा घातली होती. त्याआधी आणखी एका दिग्दर्शकानं ती शुद्ध करून घेतली होती. दोघांच्या मध्ये ती कधी गळून पडली हे त्याला कळलं नव्हतं. "वहिनी अजून धुळ्याकडचंच बोलतात," रुपचंद म्हणाला, "तुम्हाला चालेल ना?" जणू काही जेवणात तिखट चालेल ना असं विचारावं. अभिमननं चालेल म्हटलं.

घर लहानसं होतं, तलावाकडच्या बाजूला, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. रुपचंदची वहिनी मंजुळाबाई दारात उभी होती. डोक्यावरून पदर, हातात तांब्या. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, आधी हातांकडे बघितलं. "उनात का भाऊ? आठे पाय धुई ल्या," ती म्हणाली आणि स्वतःच त्याच्या पायांवर पाणी घातलं. आत कोपऱ्यात घागर मांडली होती, तोंडावर खरबूज, शेजारी दोन आंबे. मूल नसल्यामुळे पूजा रुपचंदनं केली. निखाऱ्यावर तुपाची आणि पुरणपोळीच्या घासाची आगारी टाकली, धूर झाला, आणि मग दुकान उघडं टाकून आलोय म्हणत तो निघून गेला. त्याची बायको कमलबाई मागच्या पडवीत तळण तळत होती, तिचा झारा तेवढा वाजत होता. अभिमन पाटावर बसला. त्यानं मांडी घातली तीच पंडितची घातली. खांदे पुढे आले, मान खाली गेली, हे सगळं हुकूम न देता झालं. मंजुळाबाईनं त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि समोर भिंतीला टेकून बसली, खानावळीत अभिमन बसायचा तशी, नेमकी समोर.

"तुमी त्यास्ले वळखेत ना?" तिनं विचारलं.

"समोर बठू मी त्यास्ना," अभिमन म्हणाला, आणि शब्द बाहेर पडल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. "बोलनूत मात्र कधी नही."

"माले म्हाईत शे. टीव्हीवर देखं तवयच मी म्हनं, हाऊ मानूस यास्ना समोर बठेल शे."

तिनं पोळी वाढली. अभिमननं पालथा हात तिच्यावर ठेवला. पोळी गरम होती, तुपाचा ओलावा तळव्याला लागला, आणि मंजुळाबाईच्या छातीतून एक बारीकसा आवाज निघाला. त्याच्या आतला तो माणूस लगेच जागा झाला आणि म्हणाला, थांब, अजून क्षणभर थांब. तो थांबला. मग जेवू लागला. आमरसाची वाटी, तिखट रशी, भज्याचा तुकडा. प्रत्येक हालचाल जागेवर पडत होती. ती बघत होती, आणि जेवता जेवता सांगत होती, कोणाला सांगतेय हे न ठरवता. "तवय ते दवाखानामा व्हतात. नाकमा नळी. घोटभर पानी बी उतरे नही. रुपचंदनी खाटलाजोडे टीव्ही आनी ठेवा. आनी त्यान्हावर तुमी जेवी ऱ्हायनात." अभिमनचा घास तोंडातच राहिला. "माले वाटनं यास्ले राग येई. मी बंद कराले उठनू. तं माले हातवरी थांबाडं आनी बारीक आवाजमा म्हननात, जेवू दे त्याले. मना वाटानं जेवी ऱ्हायना तो."

काहीतरी म्हणायला हवं होतं. डॉक्टर काय म्हणाला असता, बाप काय म्हणाला असता, सगळ्यांची वाक्यं त्याच्याजवळ तयार होती आणि ती एकापुढे एक येऊन उभी राहिली, आणि एकही त्याच्यानं बोलवेना. तो घास गिळून पुढे जेवू लागला. आता तो तिला दाखवण्यासाठी जेवत नव्हता, त्या नळी घातलेल्या माणसासाठी जेवत होता. निदान त्याला तसं वाटलं, आणि तसं वाटून जरा हलकं झालं. तेवढ्यात कमलबाईनं येऊन ताटात गरम कुरडई ठेवली आणि ती पडवीत परत गेली. कुरडई आली की पंडित काय करायचा हे अभिमनला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पापड असो, कुरडई असो, तो ती पोळीच्या घडीत घालायचा आणि वरून तळवा ठेवून हळूहळू दाबायचा. आत तिचा चुरा व्हायचा, बाहेर आवाज यायचा नाही. खानावळीत सगळे कडाकडा चावत असताना हा एकटा माणूस चोरून खाल्ल्यासारखा खायचा. अभिमननं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की हा भित्रा आहे. साहेबाला भिणारा, वाढप्याला भिणारा, आपण आहोत याचाच आवाज होऊ नये म्हणून जपणारा. मालिकेतला बाप त्यानं त्या एका तळव्यावर उभा केला होता. दिग्दर्शकानं खांद्यावर थाप मारली होती. काय भेदरलेला माणूस उभा केलास रे, म्हणाला होता.

त्यानं पोळी दुमडली, कुरडई आत सरकवली, तळवा ठेवला.

"आमले पिंपळनेरले एकच खोली व्हती," मंजुळाबाई म्हणाली. ती त्याच्या तळव्याकडे बघत होती. "पयली पोर व्हती मनी. ताईबाई म्हनूत आमी तिले, सासूना नाववर. छातीनं दुखनं व्हतं. दिनभर खोके, दिवेलागनले जराशी झोप लागे. तवयच ते हापिसमाईन येयेत. पापड वाजना का ती जागी व्हये, आनी जागी व्हयनी का परत खोकला. मंग ते आसं दाबीसन खायेत. मी म्हनू, नका खाऊ ना मंग. तं म्हनेत, तू तळेल शे, कसा नही खाऊ." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोर गयी. म्हैनाभरमा त्यास्नी बदली व्हयनी धुयाले. मी सासूजोडे ऱ्हायनू. मंग काई मूलबाळ व्हयनंच नही. तुमी त्यास्ले देखं ना, ते तवयनं."

अभिमनचा तळवा पोळीवर होता. दाबायचं तेवढंच राहिलं होतं. त्यानं मनात दाबून बघितलं, पण हातात जोर येईना. त्याच्यासमोर भिकुबाईची खानावळ होती, कंदिलाच्या उजेडात दोन रांगा, आणि समोर एक माणूस ज्याची मुलगी नुकतीच गेली होती आणि जो परक्या गावात, पंचवीस जणांच्या गोंगाटात, तिची झोप मोडू नये म्हणून जपून खात होता. आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेला एक हुशार पोरगा त्याचा तळवा पाठ करत होता. पाठ केला, हुबेहूब केला, बोटांच्या पेरांसकट, आणि तळव्याखाली काय होतं ते विचारायचं त्याला सुचलं नाही. दोन वर्षांत एकदा तरी, काय पंडितभाऊ, घरी कोण कोण असतं, एवढं म्हणायला काय जात होतं? आतला माणूस आज काहीच म्हणाला नाही. अभिमनच्या डोळ्यांना पाणी आलं, पण नाक चोंदलं, तोंड वाकडं झालं, आणि घशातून एक हेंगाडा आवाज निघाला जो त्यानं कुठल्याच भूमिकेत काढला नव्हता आणि काढला असता तर कोणीही ते दृश्य पुन्हा घ्यायला लावलं असतं. त्यानं हात उचलला. पोळीच्या घडीत कुरडई अख्खीच राहिली.

"माले नही जमत," तो म्हणाला.

मंजुळाबाई पुढे सरकली. तिनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि घागरीपाशी नेऊन ठेवलं, अख्ख्या कुरडईसकट. घागरीला हात जोडले. ती रडत नव्हती. काम उरकल्यासारखी तिची पाठ सैल पडली. "व्हयनं त्यास्नं जेवन," ती म्हणाली. मग कमलबाईला हाक मारून तिनं दुसरं ताट मागवलं आणि ते अभिमनपुढे मांडलं. तीच पोळी, तोच रस, वर दोन कुरडया.

"मी जेवनू ना आते," अभिमन म्हणाला.

"ते जेवनात. तुमी कोठे जेवनात?" आणि मग पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवत, "तुमनं नाव काय, भाऊ? रुपचंद सांगे, पन मी ध्यानमा ठेवं नही."

त्यानं नाव सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि मान हलवली. मग तिनं त्याच्यावरची नजर काढली. दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होती. कोणी बघत नसताना जेवायचं कसं हे अभिमनला क्षणभर कळेना. कुठून सुरुवात करायची, मांडी कोणती घालायची, मान किती खाली. पंडितला हात लावायचा नव्हता. निंबाआबा कसे जेवायचे ते आठवेना, फक्त पोट चोळणं आठवलं. उजवा हात ताटावर तसाच लोंबत राहिला आणि त्याला एवढंच जाणवलं की आपल्याला भूक लागली आहे, सकाळपासूनची, साधी, कोणाच्याही वाट्याची नसलेली. त्यानं समोर होती ती कुरडई उचलली आणि चावली. ती कडाडून फुटली. त्या गप्प घरात तो आवाज एवढा मोठा वाटला की त्यानं दचकून चावणं थांबवलं आणि आतल्या खोलीकडे बघितलं. मंजुळाबाईनंही बघितलं. मग तिनं तोंड वळवलं.

"खा भाऊ," ती म्हणाली. "घरमा आते कोनी झोपेल नही शे."